वायर कुठे संपते

९ जानेवारी

मावशी,

हे पत्र फाडणार असशील तर हातानं फाड, कात्री लावू नकोस. हातानं फाडलेल्या कागदाच्या कडांना केस राहतात, ते एकमेकांत बसतात, आणि मला ते निदान जोडता येतं. कापलेल्या कागदाला धरायलाच काही नसतं. हे शहाणपण नाहीये, माझं पोट आहे यावर. मोठ्या लायब्ररीच्या दुरुस्ती विभागात मी फाटकं जोडते. तळमजला, उत्तरेकडे खिडक्या, पंख्याला बंदी. पंखा लावला की सगळं उडतं.

ओळखलंस ना? उंदरी. तुझी खोडरबरं कुरतडायची ती. आता अडतीस वर्षांची आहे आणि दातांऐवजी चिमटा वापरते.

कामाचं सांगते. सोमवारी माझ्या टेबलावर आईचं पुस्तक आलं. तिचं एकुलतं एक, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायकांच्या गोष्टींचं. पुस्तक ठणठणीत आहे. वरच्या कागदी जॅकेटचे मात्र हाल कुत्रा खात नाही. कण्यावर तीन चिकटपट्ट्या, त्यांचा रंग आता कडक चहासारखा झालाय. पुढच्या पानाचा खालचा कोपरा गायब. आणि आमच्याच कुणा पूर्वजानं जॅकेट सुटू नये म्हणून त्याच्या आतल्या दोन्ही घड्या पुठ्ठ्याला चिकटवून टाकल्यात. एवढ्यावर समाधान नाही झालं, म्हणून पुढच्या घडीवर तारखेचं कार्ड ठेवायचा खाकी खिसा सरसानं डकवलाय.

पण काय चित्र आहे, मावशी! पुस्तकावर असताना ते कधी पूर्ण दिसतच नाही. मागची घडी सोडवून मी ते पहिल्यांदा सपाट अंथरलं. मागच्या घडीवर आईचं नाव, त्याखाली एक काळा फोन. त्या फोनमधून निळी गुंडाळीची वायर निघते, मागच्या पानावरून कण्यावर चढते, पुढच्या पानावर तीन वेटोळी घेते आणि पुढच्या घडीत शिरते. पेन एकदाही उचललेलं नाही. मी भिंग लावून बघितलं. मग ती त्या खाकी खिशाखाली जाते आणि नाहीशी होते.

आता माझं गाऱ्हाणं. मार्चमध्ये आमच्याकडे जुन्या जॅकेटांचं प्रदर्शन आहे. या चित्राखाली लावायच्या कार्डाचा मजकूर आलाय: ‘चित्रकार अज्ञात’. मी नाव सांगितलं तर म्हणाले, तुमच्या सांगण्यावर नाही चालत. नाव पुस्तकावर छापलेलं दाखवा, नाहीतर लेखिकेचं किंवा चित्रकाराचं सहीचं पत्र आणा.

लेखिका सही देत नाही. का, ते तूच सांग. पुस्तक हातात पडल्यावर तू तुझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीला एक पोस्टकार्ड टाकलंस: ‘यापुढे माझं नाव कुठेही घेऊ नकोस.’ आई ते एकतीस वर्षं पाळतेय. घरात तू ‘ती’ आहेस. कशावरून बिनसलं हे तिला आजही माहीत नाही, आणि विचारेल तर ती आई कसली.

कार्डं २० फेब्रुवारीला छापायला जातात. दोन ओळी लिही: हे चित्र माझं आहे. खाली सही. मला एवढंच हवंय. चित्राखाली तुझं नाव.

तुझी
उंदरी

ता. क. पुढच्या घडीच्या खालच्या कोपऱ्यात काय होतं, आठवतं का? आमच्या घरच्या प्रतीचा तो कोपरा कापलेला आहे. मला तर काहीच आठवत नाही.


२३ जानेवारी

मावशी,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्या उत्तरावाचून माझं अडलं असतं तर मी हा धंदा केला नसता. मी वाट बघण्यात तरबेज आहे. खळ सुकायची वाट बघते, टिपकागद बदलायची वाट बघते, कागद सपाट व्हायची वाट बघते.

चिकटपट्ट्या निघाल्या! तिन्ही! गरम पातं खाली सरकवायचं, पट्टी जरा मऊ झाली की केसाएवढी उचलायची, परत पातं. एक पट्टी, एक दिवस. खालचा डिंक रबरानं गोळ्या करून करून काढला. तिसरी निघाली तेव्हा मी ओरडले, तर आमच्या मोठ्या बाई चष्मा सरकवून म्हणाल्या, “कुणी मेलं का?”

“नाही, सुटली!”

“मग हळू ओरड. शेजारी लोक वाचतायत.”

या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. बोलतात कमी, पण बोलल्या की भिंतीत खिळा मारल्यासारखं. त्यांचं आणि प्रदर्शनवाल्याचं काल वाजलं. प्रदर्शनवाला म्हणजे कार्डं लिहितो तो. गळ्यात मफलर, बोलण्यात ‘अर्थात’. गायब कोपऱ्यात मी जपानी कागद भरला, रंग जुळवला, खळीनं बसवला, वजनाखाली ठेवला. इतका बेमालूम बसलाय की मलाच शोधावा लागतो. पण तिथून वायरीचा चार बोटं तुकडा गेलेला आहे.

तो म्हणाला, “अर्थात, आता तेवढी रेघ ओढून टाका ना. निळी पेन्सिल घेतली की झालं.”

बाई म्हणाल्या, “आम्ही भरतो. काढत नाही.”

“कुणाला कळणार आहे?”

“म्हणूनच नाही.”

मग तो माझ्याकडे वळला आणि त्यानं मला कार्डाचा पुढचा मजकूर ऐकवला. ऐक आणि बस खाली: ‘ही वायर कुठेही पोहोचत नाही. अज्ञात चित्रकारानं तुटलेल्या संवादाचं भेदक प्रतीक उभं केलं आहे.’

मी म्हटलं, “ती खिशाखाली जाते हो.”

तो म्हणाला, “मी या पुस्तकाची दुसरी प्रतही पाहिली आहे. भेट मिळालेली. त्यातही वायर कडेला तुटते.”

त्यातला कोपराही कापलेला असणार. हे मी त्याला बोलले नाही.

घरी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. “भेदक म्हणे,” ती म्हणाली. “वायर फोनला नसेल तर काय गायीला बांधायची?”

“मग सांग ना, दुसऱ्या टोकाला काय होतं?”

“मला काय विचारतेस. तिला विचार.”

“तिला म्हणजे कुणाला?”

आईनं माझ्याकडे बघितलं. मग शेंगेकडे. “उंदरे, मी एक्स्चेंजला बावीस वर्षं काढली. समोरचा म्हणाला फोन ठेवा, की ठेवायचा. परत लावायचा नाही.”

बघ. तुम्ही दोघी एकाच कारखान्यातल्या.

तुझी
उंदरी


५ फेब्रुवारी

मावशी!

पोस्टकार्ड मिळालं. माझ्या आयुष्यात मला आलेलं सर्वात उद्धट आणि सर्वात सुंदर पोस्टकार्ड. पाठ झालंय: ‘निळ्याला पाणी लावू नकोस. प्रेसवाल्याची निळी शाई मधेच संपली होती, उरलेल्या जॅकेटांत त्यानं काय ओतलं देव जाणे.’

ना प्रिय, ना सही. म्हणजे कार्डासाठी उपयोग शून्य. बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “अक्षर बाणेदार आहे. पण सही?” मी म्हटलं, “घराण्यात नाही.”

तुला कल्पना नाही तू काय वाचवलंस. खिसा काढायची माझी सगळी तयारी झाली होती. ओली गादी, वर प्लॅस्टिक, वीस मिनिटं, सरस मऊ, खिसा अलगद हातात. शंभर वेळा केलंय. कडेला शाईची चाचणी घेतली होती, ती काळ्यावर. काळी जागची हलली नाही, म्हणून मी निळीचंही तेच धरलं. असली चूक मी नव्या मुलींना करू देत नाही. तुझं कार्ड आलं त्या सकाळी पाणी तापत होतं.

गॅस बंद केला. दाभणाच्या टोकाएवढा ओला कापूस निळ्याला लावला आणि उचलला. कापूस निळा.

मी खाली बसले. बाईंनी पाणी दिलं. मी म्हटलं, “पाणी नको.” मग दोघीही हसलो.

म्हणजे आता कोरडं. खिशाचा खाकी कागद वरून थर थर सोलायचा, कांद्यासारखा, आणि अगदी शेवटी जुना सरस. सरस म्हातारा झाला की बिस्किटासारखा ठिसूळ होतो, टोकदार पात्यानं कण कण उडवता येतो. उडवताना हात घसरला तर खालचं चित्र उडतं. पंधरा दिवस आहेत. आज नखाएवढी जागा झाली.

त्या नखाएवढ्या जागेत निळं आहे.

उं.


११ फेब्रुवारी, दुपारी चार

मावशी मावशी मावशी

बसून वाच.

वायर तुटत नाही! वायर खिशाखालून सरळ खाली येते, एक शेवटची गाठ घेते, आणि रिसीव्हर! उचललेला रिसीव्हर, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा, इतका नीट काढलेला की बोलायच्या बाजूची भोकंसुद्धा मोजता येतात. सहा आहेत. आणि त्याच्या खाली, कानाला लागून असल्यासारखं, बारीक अक्षरात: ‘चित्र:’ आणि पुढे तू. तुझं नाव. पूर्ण. त्याच्याखाली पुस्तकाची किंमत, तीही अगदी चिकटून.

लायब्ररीनं हे दुकानातून विकत घेतलं होतं, म्हणून घडीचा कोपरा शाबूत राहिला. आणि तो भयंकर खाकी खिसा! सहा दिवस मी ज्याला शिव्या घातल्या तो! उन्हाचा एक किरण लागू दिला नाही त्यानं. बाकीची वायर फिकी पडलीय, कोपऱ्यातलं निळं कालच छापल्यासारखं आहे. मी त्या खिशाचे सगळे कपचे पाकिटात भरून ठेवलेत. पाकिटावर लिहिलंय ‘माफ कर’.

बाईंनी भिंग लावलं. मग स्वतः जाऊन प्रदर्शनवाल्याला घेऊन आल्या. बाई कुणाला आणायला स्वतः जात नाहीत.

तो वाकला. बघितलं. मफलर सरळ केला.

“अर्थात,” तो म्हणाला.

“अर्थात काय?” बाई.

“अर्थात, कार्ड बदलावं लागेल.”

“आणि भेदक प्रतीक?”

तो माणूस वाईट नाही, मावशी. तो खो खो हसला. म्हणाला, “फोन लागलाय की हो. तुमच्या आईच्या नावापासून निघालाय आणि इथे उचललाय.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमचे डोळे लाल का झालेत?” मी म्हटलं, “सरसाची धूळ.”

नाव कार्डावर जाणार. सहीशिवाय. तुझ्या परवानगीशिवाय. छापलेलं आहे, आता तू आणि आई दोघी मिळून नाही म्हणालात तरी ते छापलेलंच राहणार.

जिंकलो!

उंदरी


१२ फेब्रुवारी

मावशी,

कालच्या पत्रात ओरडायचं होतं, म्हणून एक गोष्ट राहिली. ती शेवटी सांगते, आधी आजचं.

मी आज आईला इथे आणलं. कशासाठी ते सांगितलं नाही, नाहीतर आली नसती. तिला उंच स्टुलावर बसवलं, जॅकेट समोर सपाट अंथरलेलं होतं. तिनं मागच्या घडीपासून सुरुवात केली. बोट लावायचं नाही असं मी म्हटलं होतं, म्हणून हवेतून बोट फिरवत गेली. मागचं पान. कणा. तीन वेटोळी. घडी. मग बोट थांबलं.

“हे पुस्तकावर आहे?” तिनं विचारलं.

“होतंच. प्रत्येक प्रतीवर.”

“अगं, पण तिला मी पाठवलेल्या प्रतीत...” ती बोलता बोलता थांबली. तिनं स्वतःच जोडलं, मला काही करावं लागलं नाही. ती काही मठ्ठ नाही, फक्त हट्टी आहे.

लेखिकेच्या पंचवीस प्रती घरी आल्या होत्या. भेट द्यायच्या पुस्तकावर किंमत ठेवायची नाही ही आईची शिस्त, तुला माहीत आहे. देणाऱ्यानं किंमत दाखवू नये. एका दुपारी ती पार्सलं बांधत होती आणि घडीचा किमतीचा कोपरा कापायचं काम चालू होतं. पंचवीसच्या पंचवीस कापल्या. किमतीबरोबर रिसीव्हर गेला, तुझं नाव गेलं. आईनं स्वतःच्या प्रतीला त्याच दिवशी, घडी उघडून न बघताच, ब्राउन पेपर घातला, तो आजतागायत काढलेला नाही.

आणि तुमचं आधी नावावरूनच वाजलं होतं, हे तिनं आज पहिल्यांदा सांगितलं. तुला नाव पुढच्या पानावर हवं होतं, ती म्हणाली आत घडीवर टाक. तू म्हणालीस बरं, घडीवर तर घडीवर, पण वायर तिथपर्यंत आणते. आणलीस. मग नोकरीसाठी लांब निघून गेलीस, आणि पोस्टानं तुला जे पुस्तक आलं त्यात तुझी वायर नेमकी तुझ्या नावाच्या अलीकडे कापलेली. मी असते तर पोस्टकार्डावर याहून वाईट लिहिलं असतं.

आई स्टुलावरून उतरली. म्हणाली, “तिला वाटलं मी मुद्दाम केलं.”

“हो.”

“एकतीस वर्षं?”

“तू विचारलं नाहीस.”

“तिनं तरी कुठे विचारलं! गाढव आहे ती.” मग दारापर्यंत गेली आणि वळली. मावशी, तिनं तुझं नाव घेतलं. मोठ्यानं, एक्स्चेंजच्या आवाजात, नंबर मागितल्यासारखं. म्हणाली, “तिला लिही. लिही की मी कापलं नाही.”

बरोबर आहे. तिनं कापलं नाही. कात्री माझ्या हातात होती. मी सात वर्षांची होते, आई म्हणाली किमतीचा कोपरा उडव, मी उडवला.

उंदरी


२ मार्च

मावशी,

काल प्रदर्शन उघडलं आणि आज सकाळी तुझं पार्सल आलं. या क्रमानं सांगते, नाहीतर माझं मलाच सुधरायचं नाही.

जॅकेट काचेखाली सपाट आहे, पूर्ण, दोन्ही घड्या उघड्या. भरलेला कोपरा जवळून बघितला तर दिसतो, लांबून नाही. तिथे वायर चार बोटं थांबते आणि परत सुरू होते. लोकांचे डोळे उडी मारून जातात, कुणाचं अडत नाही. कार्डावर पहिली ओळ तुझं नाव, दुसरी ओळ आईचं. क्रम मी लावलेला नाही, शपथ. प्रदर्शनवाल्यानं लावला. आई काचेजवळ खुर्ची टाकून बसली होती आणि येणाऱ्या जाणाऱ्याला धरून सांगत होती, “हे माझ्या बहिणीनं काढलंय. पेन उचललेलं नाही. बघा, बघा, शोधून दाखवा.” एका गृहस्थानं विचारलं, “आणि पुस्तक कुणाचं?” तर म्हणाली, “ते आहे असंच कुणाचं तरी.”

आता पार्सल. तुझी प्रत. वर चिठ्ठी: ‘शनिवारी येतेय. तोवर हे कर.’

जॅकेट मधोमध तिरकं फाडलेलं आहे. कण्याच्या तळापासून वरपर्यंत, एका झटक्यात. केवढी चिडली असशील! आणि दोन्ही तुकडे पुस्तकातच ठेवून दिलेस. एकतीस वर्षं. पण मावशी, हातानं फाडलंस! दोन्ही कडांना केस आहेत, लांब लांब, मऊ. तुकडे शेजारी ठेवले तर ते आपणहून सरकून एकमेकांत बसले. मागून जपानी कागदाची पट्टी, कोरडी कोरडी खळ, पाण्याचा थेंब निळ्याच्या वाटेला जाऊ दिला नाही. दुपारपर्यंत वजनाखाली होतं. आत्ता समोर आहे. फाटलेलं कुठे होतं ते बाईंनी तीनदा विचारलं.

राहिला कोपरा. तो कापलेला. आणि आता जे सांगायचंय ते मी जानेवारीपासून टाळतेय.

मला आठवत होतं. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. हे पुस्तक माझ्या टेबलावर आपोआप आलं नाही, दुरुस्तीच्या ढिगातून मी ओढून काढलं. आई त्या दुपारी म्हणाली होती, एवढासा काप, किंमत जाईल इतकाच. बोटाच्या पेरावर माप दाखवलं होतं. पहिली प्रत मी तशीच कापली. मग मला वर तो फोन दिसला. एवढुसा, निळा, उचललेला. मला तो हवा होता. म्हणून दुसऱ्यापासून मी मोठा कोपरा कापला, आणि पहिलीचा परत कापला. पंचवीस फोन. डब्यात ठेवले, बाहुल्यांना एकेक वाटला, नाव असलेला भाग दुमडून मागे टाकला. डबा घर बदलताना कुठे गेला देव जाणे. तू का बोलत नाहीस असं मी आईला एकदाही विचारलं नाही, कारण उत्तर काय असेल याची मला भीती होती. हे आईला मी काल रात्री जेवताना सांगितलं. ती मग म्हणाली, “पंचवीस? एक तरी सोडायचास.”

तर कोपरा. मी भरलाय. घरच्या प्रतीचाही भरलाय, आईनं ब्राउन पेपर स्वतःच्या हातानं काढून दिला. कागद जुळलाय, रंग जुळलाय, जाडी जुळलीय. वायर कडेपर्यंत येऊन थांबते आणि पुढे कोरं आहे. छापील नमुना काचेखाली आहे, मला रिसीव्हर हुबेहूब उतरवता येईल, भोकंसुद्धा सहाच. नावही येईल. कुणाला कळणार नाही.

म्हणूनच नाही. आम्ही भरतो, काढत नाही.

ते तू काढायचं. शनिवारी, उत्तरेच्या खिडकीशी, आई शेजारी बसून सूचना देईल तिकडे लक्ष न देता. दोन कोपरे, दोन फोन, खाली तुझं नाव, हवं तेवढं मोठं. इथे शाईला बंदी आहे, फक्त पेन्सिल चालते. पेन्सिली मी तासून ठेवल्यात.

खोडरबर मात्र ठेवलेलं नाही.

तुझी
उंदरी